मधुमेहतज्ज्ञ वाढवा, पण कशासाठी?

दरवर्षी १४ नोव्हेंबर उजाडतो आणि वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पानांवर ठरलेली बातमी उमटते. भारत ही मधुमेहाची राजधानी, कोटींचा एक आकडा, एखाद्या मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाचे छायाचित्र, भात कमी खा आणि रोज चाला हा सल्ला. आणि अखेरच्या परिच्छेदात एक मागणी : देशात मधुमेहतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ अपुरे आहेत, डी.एम.च्या जागा वाढवा. फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस म्हणून हा दिवस मधुमेह दिन ठरला आणि भारतात तोच बालदिनही आहे. या योगायोगात जेवढे विज्ञान दडलेले आहे तेवढे त्या बातम्यांमध्ये क्वचितच असते.

जागा वाढवण्याची मागणी चुकीची नाही. ती अपुरी आहे, आणि अपुरी असूनही संपूर्ण उत्तराच्या थाटात मांडली जाते म्हणून दिशाभूल करणारी आहे. तज्ज्ञ वाढले म्हणजे नेमके काय वाढले? परक्या देशांतील शरीरांवर बेतलेले पाठ्यपुस्तक अचूकपणे लागू करणारे हात वाढले, की त्या पाठ्यपुस्तकाला या देशातल्या शरीरासमोर उभे करून जाब विचारणारी माणसे वाढली? भारतातील अंतःस्रावशास्त्राची कारकीर्द ज्या रीतीने घडवली जाते तिच्यात पहिल्याची सोय आहे. दुसऱ्याची जवळजवळ नाही.

प्रथम आकड्यांचेच पाहू. जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’त भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. देशातील ३१ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १,१३,०४३ व्यक्तींची तपासणी, आणि अंदाज असा की मधुमेही १० कोटी १० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. गोव्यात प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात सर्वांत कमी, ४.८ टक्के. सतरा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्येच एका जागतिक गटाचा अंदाज प्रसिद्ध झाला : २०२२ साली भारतात २१ कोटी २० लाख मधुमेही. रुग्ण दीड वर्षात दुप्पट झाले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. पहिल्या अभ्यासाने उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी येणारी साखर पाहिली. दुसऱ्याने उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी यांपैकी काहीही एक मर्यादेबाहेर गेले तरी मधुमेह धरला. आता, शरीरात लोह कमी असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षातील साखरेपेक्षा अधिक दिसू शकते, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. प्रयोगशाळेत पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यालाही आधी उपकरणाचा शून्य तपासायला शिकवतात. भारतीय रक्तासाठी या उपकरणाचा शून्य कुठे आहे, हा प्रश्न त्या दोन बातम्यांच्या मधल्या सतरा महिन्यांत किती तज्ज्ञांना पडला असेल? आणि ज्यांना पडला, त्यांच्यापैकी कितीजणांना तो तपासायला वेळ होता?

वेळेचा हिशेब मांडून पाहावा. बारावीनंतर साडेचार वर्षांचे एम.बी.बी.एस., एक वर्षाची इंटर्नशिप, नीट-पीजी ओलांडून तीन वर्षांचे एम.डी., मग नीट-एसएस आणि तीन वर्षांचे डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी. एकही परीक्षा पुन्हा न देता आणि कोणत्याही राज्याचे सेवाबंधपत्र आड न येता ही साडेअकरा वर्षे होतात. प्रत्यक्षात तिशी सहज उलटते. या काळात प्रबंध लिहावा लागतो खरा, पण तो ओपीडी, वॉर्ड आणि ड्यूटी यांच्या फटींमधून. साहजिकच विषय असा निवडला जातो की जो फटीत मावेल : अमुक रुग्णालयातील मधुमेहींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता, तमुक वॉर्डमधील थायरॉइडचे प्रमाण. एकदा रक्त काढले, तक्ता भरला, सांख्यिकीतज्ज्ञाकडून ‘पी’ची किंमत आणली, बांधणी करून विद्यापीठात जमा केले. याच देशात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एका प्रश्नाच्या पाठीमागे लागण्यासाठी पाच वर्षे मिळतात आणि ती पुरत नाहीत म्हणून तो कुरकुरतो.

त्यानंतर येते ती केबिन. दाराबाहेर चाळीस फायली. प्रत्येकीत तीन महिन्यांचे एचबीए१सी, वजन, रक्तदाब, गोळ्यांची यादी. दहा मिनिटांत डोस बदलायचा, पायांची विचारपूस करायची, डोळे तपासून घ्यायला सांगायचे, की पुढची फाईल. हे काम हलके नाही. ज्या रुग्णाचा पाय वाचतो त्याला त्या दहा मिनिटांचे मोल विचारावे. डॉक्टरला दोष देण्याचा हेतू येथे नाही. अकरा-बारा वर्षे परीक्षा देत आलेल्या, घरच्यांचे कर्ज आणि स्वतःचे वय डोक्यावर असलेल्या माणसाने खासगी रुग्णालयाचे नियुक्तिपत्र नाकारावे अशी अपेक्षा बाळगणे हा बाकीच्यांचा फुकटचा आदर्शवाद झाला. मुद्दा इतकाच की रोज चाळीसदा एकच विसंगती डोळ्यांसमोरून जात असली तरी अकराव्या मिनिटाला तिच्याजवळ थांबण्याची मुभा या कारकिर्दीत कुठेच लिहिलेली नाही.

आणि विसंगती तर रोज समोर येत होती. ज्यांनी पाठ्यपुस्तकात लठ्ठ, पन्नाशी उलटलेला, सुखवस्तू मधुमेही वाचला होता, त्यांच्यासमोर भारतीय सार्वजनिक रुग्णालयात तिशी-चाळिशीतली, बऱ्यापैकी किडकिडीत माणसे बसत. वजन भागिले उंचीचा वर्ग या सूत्राने ती ‘सामान्य’ ठरत. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अदोल्फ केतले याचे; त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणाचे निदान करायचे नव्हते. खगोलशास्त्रज्ञाची ही पट्टी वैद्यकाने उचलली, पाश्चात्त्य शरीरांवर तिच्या खुणा पक्क्या केल्या आणि मग तीच सगळ्या जगाला लावली.

पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची कारकीर्द येथे सविस्तर पाहण्याजोगी आहे. गौरवगाथा म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षण, ऑक्सफर्डमधील संशोधनकाळ आणि त्यानंतर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभाग, असा हा मार्ग. इंग्लंडमध्ये त्या सुमारास डेव्हिड बार्कर एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगत होते : हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदींवरून असे दिसते की जी बाळे जन्मतः हलकी होती त्यांना प्रौढपणी हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतो. म्हणजे मधुमेहाचे बीज चाळिशीतल्या ताटात नसून आईच्या पोटात असू शकते. बहुतेकांनी या कल्पनेकडे संशयानेच पाहिले. पण ज्या देशात हलकी बाळे हा अपवाद नसून नियम आहे, तेथील डॉक्टरला ती कल्पना सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखी नव्हती. पुण्यात जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांची ग्लुकोज चाचणी झाली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जन्मवजन कमी तर चौथ्या वर्षीच साखर आणि इन्सुलिन दोन्हींची पातळी अधिक. मधुमेहाच्या कोणत्याही प्रचलित कारणाची हवा ज्याला लागलेली नाही अशा वयात ही खूण उमटलेली होती.

मग खरा लांबचा प्रवास सुरू झाला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायची, त्या काय खातात, किती कष्ट करतात, पाणी कुठून आणतात हे टिपायचे, पोटातल्या गर्भाची वाढ मोजायची, बाळ जन्मले की वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, त्वचेच्या घडीची जाडी मोजायची, आणि मग त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षे जायचे. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या भारदस्त नावामागचे काम असे आहे : टेप, वजनकाटा, त्वचेची घडी मोजणारा चिमटा, आणि उन्हातान्हात घरोघर जाणारे कार्यकर्ते. आगरकर संशोधन संस्थेतील शोभा राव यांच्यासह झालेल्या विश्लेषणात दिसले की बाळाचा आकार आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकापेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे यांच्याशी अधिक जोडलेला होता. शेतातील आणि घरातील कष्टांचा भार अधिक असलेल्या मातांची बाळे लहान होती, हेही पुढे आले. डोक्यावरचा हंडा हा अंतःस्रावशास्त्राचा विषय आहे, हे कोणत्याही डी.एम.च्या अभ्यासक्रमात सापडत नाही.

२००३ मध्ये जाहीर झालेला मुख्य निष्कर्ष मात्र खळबळजनक होता. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. लहान तर ती होतीच. पण सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू फार कमी, पोटातील अवयवांसाठीची जागा कमी, आणि चरबी मात्र जवळजवळ राखलेली. बाळ दिसायला कृश, घडणीने मेदयुक्त. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या एका पानाने हे सगळ्या जगाच्या गळी उतरवले : याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांच्या शरीराची क्ष-किरण चित्रे शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२. एक मॅरेथॉन धावणारा, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्यासाठीची धावपळ, अशी थट्टाही त्यांनी स्वतःच त्यात केलेली आहे. केतलेच्या पट्टीच्या मर्यादा एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवल्या असतील.

कथा तेथे थांबली नाही. २००८ मध्ये ‘डायबेटोलॉजिया’त आले की ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक होता. तपासलेल्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी होते. गर्भवतीला लोह-फोलिकच्या गोळ्या देणे हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याची कारणे सबळ आहेत. पण शाकाहारबहुल समाजात बी-१२ कडे न पाहता केवळ फोलेट वाढवत नेल्याने पुढच्या पिढीच्या चयापचयाचे काय होते, हा प्रश्न विचारायला सहा वर्षे वाट पाहावी लागते. मूल सहा वर्षांचे व्हावे लागते. निसर्ग संशोधनाच्या अनुदानाचे वेळापत्रक पाहून चालत नाही. याच मुलांची अठराव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा, अनेकजण अजूनही किडकिडीत असताना, त्यांच्यापैकी लक्षणीय संख्येने मधुमेहपूर्व अवस्थेत पोहोचलेले होते, आणि मुलग्यांत हे प्रमाण मुलींहून अधिक होते.

या कामासाठी पैसा कुठून आला? मुख्यतः लंडनच्या वेलकम ट्रस्टकडून. महाराष्ट्रातील सहा गावांतल्या स्त्रियांच्या पोटातील प्रश्न, भारताच्या भावी कोट्यवधी रुग्णांचा प्रश्न, आणि तो विचारण्याची मुभा दिली परदेशातील एका विश्वस्त निधीने. यात वेलकमचे ऋण मान्य करावे आणि सोबत मान खालीही घालावी. पुढे २००८ पासून भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच ट्रस्टच्या भागीदारीत ‘इंडिया अलायन्स’ सुरू केले आणि रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना संशोधनासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ती चांगली गोष्ट आहे. पण शिष्यवृत्ती पाच वर्षांची असते. सहाव्या वर्षी त्या डॉक्टरसाठी कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयात कोणते पद असते?

पुण्याची गोष्ट हा अपघात मानून सोडून द्यावा, तर दुसरी गोष्ट गेल्या वर्षभरात विज्ञानवार्तांमध्ये गाजते आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘टाइप ५’ मधुमेहाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली : कुपोषणाशी जोडलेला, कृश आणि तरुण माणसांना होणारा मधुमेह. बऱ्याच बातम्यांनी तो ‘नवा’ मधुमेह म्हणून सजवला. नवा तो अजिबात नाही. १९५५ मध्ये जमैकातून ह्यू-जोन्स यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. ओडिशातील कटक येथे डॉ. बी. बी. त्रिपाठी यांच्यासारख्यांनी असे रुग्ण पाहिले आणि लिहून ठेवले : अत्यंत कृश, साखर प्रचंड, इन्सुलिनची गरज आहे, पण इन्सुलिन न मिळाल्यास टाइप १ च्या रुग्णाला जी जीवघेणी आम्लता होते ती यांना सहसा होत नाही. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणसंबंधित मधुमेह’ हा वर्ग वर्गीकरणात घातला. १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढून टाकला.

पुरावा अपुरा होता, हे खरेच. पण तो अपुरा का राहिला? त्या चौदा वर्षांत रुग्ण काही कमी नव्हते. कमी होते ते त्यांच्या चयापचयाचे काटेकोर मापन करणारे. असे मापन म्हणजे काय, हे समजून घेतले की साऱ्या वादाची नस सापडते. ‘क्लॅम्प’ नावाच्या चाचणीत रुग्णाच्या शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडत राहतात आणि त्याच वेळी रक्तातील साखर एका पातळीवर अचल राहील इतकेच ग्लुकोज सोबत देतात. दर काही मिनिटांनी साखर मोजायची, ग्लुकोजचा वेग कमी-अधिक करायचा. साखर स्थिर ठेवायला ग्लुकोज जितके जास्त लागेल तितके शरीर इन्सुलिनला संवेदनशील. तत्त्व एखाद्या थर्मोस्टॅटइतके सोपे. पण एका माणसासाठी कित्येक तास, प्रशिक्षित चमू, आणि चुकल्यास धोका. दहा मिनिटांच्या केबिनमध्ये हे होत नाही. चाळीस फायलींच्या दिवसात एकही क्लॅम्प बसत नाही.

वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये निहाल थॉमस आणि सहकाऱ्यांनी, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधील मेरेडिथ हॉकिन्स यांच्यासह, नेमके हेच केले. २०२२ मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७३ पुरुष होते, या विषयातील गाजावाजाच्या मानाने हा आकडा किती लहान, ते पाहावे. कृश मधुमेहींचे इन्सुलिन-स्रवण टाइप २ च्या रुग्णांपेक्षा बरेच क्षीण आढळले, पण इन्सुलिनला त्यांचे शरीर चांगला प्रतिसाद देत होते आणि यकृतातील चरबीही कमी होती. म्हणजे हा टाइप १ नव्हे आणि टाइप २ ही नव्हे. आता कल्पना करावी अशा तरुणाची, ज्याला टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन लिहून दिले जाते, ज्याचे शरीर त्या इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देते, आणि ज्याच्या घरी त्या रात्री जेवण पुरेसे नाही. साखर खाली कोसळते ती झोपेत. तेथे चूक त्या डॉक्टरची म्हणता येणार नाही. त्याच्या हाती दिलेल्या पुस्तकात दोनच रकाने होते.

टाइप ५ च्या स्वतंत्र अस्तित्वाबद्दल अजूनही मतभेद आहेत आणि ते असावेत. निकष पुरेसे स्पष्ट नाहीत, एकट्या बीएमआयच्या रेषेवर निदान टांगता येणार नाही, कुपोषण हे कारण की सोबतचा सहप्रवासी हे सिद्ध व्हायचे आहे. पण हे मतभेद मिटवण्याचा मार्ग बँकॉकमध्ये नसून कटक, दरभंगा, बस्तर, नंदुरबार येथील वॉर्डांमध्ये आहे. तेथे रुग्ण आहेत. क्लॅम्प नाही, आणि क्लॅम्प करण्यासाठी आठवड्यातला एक दिवस मोकळा असलेला अंतःस्रावतज्ज्ञ तर नाहीच नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की रुग्ण दारात तिष्ठत असताना संशोधनाची चैन परवडत नाही. आधी उपचार, मग शोधनिबंध. आक्षेप प्रामाणिक आहे. पण भारतीय अंतःस्रावशास्त्राचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्याला साधे. काही वर्षांत गलगंडाचे प्रमाण पहिल्या दोन भागांत स्पष्टपणे घसरले, आणि मग मधल्या भागालाही आयोडीन दिले गेले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडच्या किती लाख रुग्णांवर उपचार करण्याची वेळच त्या मिठाने येऊ दिली नाही! किंवा चेन्नईत ए. रामचंद्रन यांचा मधुमेह प्रतिबंधाचा प्रयोग घ्यावा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला : मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक, तीन वर्षे, आणि केवळ जीवनशैलीतील बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, मेटफॉर्मिनने २६.४, दोन्ही एकत्र दिल्याने विशेष अधिक लाभ नाही. हा शेवटचा उपनिष्कर्षच किती गोळ्या वाचवू शकतो. संशोधन हे उपचाराच्या वाटेतील चैन नसून पुढच्या रांगेची लांबी ठरवणारी गोष्ट आहे.

तरीही व्यवस्था काय करते? ती संशोधनाची सक्ती करते, आणि मुभा देत नाही. २०१६ मध्ये समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला : ३३२ संस्थांमधून, म्हणजे ५७.३ टक्क्यांमधून, त्या काळात एकही शोधनिबंध बाहेर पडलेला नव्हता. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजण्याचा खुलासा काढला होता, ज्यात केवळ पहिल्या दोन लेखकांना श्रेय होते. एखाद्या गावगटाचा वीस वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात वीस-पंचवीस माणसे घाम गाळतात. तिसऱ्यापासून पुढचे सारे शून्य. नियम नंतर बदलला, पण तो ज्या मनोवृत्तीतून आला ती शाबूत आहे : एकट्याने, घाईने, दोन निबंध, मग पद. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक यातून आले नसते तरच नवल.

दरम्यान मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारताच्या बाजारात उतरले. विज्ञानवार्तांचा प्रकाशझोत अर्थातच तिकडे वळला. औषधे प्रभावी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या मोठ्या चाचण्यांतील बहुसंख्य शरीरे लठ्ठ, पाश्चात्त्य आणि भरपूर स्नायूंची. ज्या माणसाकडे जन्मापासूनच स्नायू कमी आणि चरबी राखून ठेवलेली आहे, त्याचे वजन घटते तेव्हा त्यातले किती मेदाचे आणि किती स्नायूंचे? पुण्यातील ती बाळे आता ज्या वयात आहेत त्या वयात हा प्रश्न ऐरणीवर येणार आहे. उत्तरासाठी पुन्हा कुणाच्या निधीकडे पाहायचे?

तेव्हा जागा जरूर वाढवाव्यात, पण मागणी पुरी करावी. प्रत्येक शासकीय डी.एम. विभागात किमान एक पद असे असावे की ज्याचा निम्मा आठवडा ओपीडीपासून राखीव आहे आणि ते राखीवपण अधिष्ठात्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. डी.एम.नंतर आणखी दोन-तीन वर्षे एका प्रश्नासोबत राहू इच्छिणाऱ्याला त्या काळात तज्ज्ञाचे वेतन मिळावे, विद्यावेतन नव्हे. तीन वर्षांच्या तुकड्यांऐवजी वीस वर्षांच्या पाठपुराव्याला पैसा देणारा निधी देशातच उभा राहावा. खगोलशास्त्राला दुर्बिणींसाठी आणि भौतिकीला त्वरकांसाठी दशकांचा पैसा मागता येतो, तर गर्भापासून मातृत्वापर्यंतचा मानवी आयुष्याचा एक फेरा मोजण्यासाठी का नाही? आणि दीर्घ अभ्यासांतील सर्व लेखकांचे श्रम पदोन्नतीत धरले जावेत. यातली एकही गोष्ट नीट-एसएसच्या जागा दुप्पट करण्याइतकी खर्चिक नाही. फक्त तिचे उद्घाटन करता येत नाही, कोनशिला बसवता येत नाही.

२०१२ पासून पुण्याच्या त्या सहा गावांतील किशोरवयीन मुलामुलींवर ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. १९९३ नंतर ज्या मातांचे वजन आणि आहार टिपला गेला होता त्यांची ही मुले. त्यांना गर्भधारणेच्या पुष्कळ आधीपासून बी-१२ आणि इतर सूक्ष्मपोषके देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहायचे होते. त्यांपैकी अनेकींची बाळे जन्मली. त्यांच्याही दंडाचा घेर आणि त्वचेची घडी मोजली गेली. ही बाळे विशीत येतील तेव्हा २०४० च्या आसपासचे साल असेल. त्या वर्षी त्यांच्या घरी रक्ताच्या नळ्या आणि वजनकाटा घेऊन जो डॉक्टर जायला हवा, तो या घडीला कुठेतरी एम.डी.ची ड्यूटी संपवून नीट-एसएसचा फॉर्म भरत असेल. त्याच्यासाठी तोवर कोणते पद तयार असेल, हे वैद्यक आयोगाने आणि विज्ञान-निधी देणाऱ्या विभागांनी आजच सांगावे.